ईनॉक आजोबांच्या मोटारीचा मागचा भाग

माझ्या सासरी शेकोटीच्या वर, जिथं इतर घरांत घड्याळ असतं किंवा येशू असतो, तिथं आजेसासरे ईनॉक एंटविसल मोटारीत बसलेले असायचे. फोटोची काळ्या लाकडाची चौकट, तिच्यात अंडाकृती खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, आणि त्या अंड्यात ईनॉक. ताठ पाठ, मेण लावलेल्या मिशा, तोंडात आखूड पाइप, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पुढं लांबलचक बॉनेट आणि त्याच्या दोन्ही अंगांना ताटाएवढाले पितळी दिवे. चेहरा असा, की कुणीतरी त्यांना इंग्लंडचं राज्य देऊ केलंय आणि ते घ्यावं की नाही याचा विचार चाललाय.

‘क्लेगवर्थमधली पहिली मोटार.’ हे वाक्य त्या घरात जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं म्हटलं जाई, फक्त जास्त मनापासून. क्लेगवर्थ हे दोन टेकड्यांच्या बेचक्यात कोंबलेलं कापसाच्या गिरण्यांचं गाव. गिरण्या बंद पडल्या, बेचकं राहिलं. अशा गावात वाडवडिलांची मोटार असणं म्हणजे जवळपास सरदारकी. बेरिलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नाआधी मला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा आधी मोटार दाखवली, मग आईवडील.

मोटारीबद्दलची माहिती दर नाताळला थोडी थोडी वाढायची. सुरुवातीला ईनॉककडे नुसती मोटार होती. मग ती त्यांनी फ्रान्सहून मागवली असं निघालं. माझ्या संसाराला बरीच वर्षं होईतो त्यांनी एका लॉर्डाशी मँचेस्टरपर्यंत शर्यत लावून ती जिंकलीही होती. लॉर्डाचं नाव कुणाला आठवत नव्हतं. लॉर्डालाही ही शर्यत आठवली नसती.

या माहितीत कधीच भर न घालणारी एकच व्यक्ती होती. डोराआत्या. ईनॉकच्या धाकट्या भावाची, सेथची, मुलगी. म्हणजे बेरिलची चुलत आत्या. लग्न केलं नाही, जन्मभर गिरणीत माग चालवले, राहायची टेकडीच्या तळाशी कालव्याकडेला. नाताळला तिला बोलावणं असे आणि जागा दाराजवळची असे, जिथं वारा येतो. तिथून ती चित्राकडे बघत बसायची. एक गोष्ट मला पुष्कळ वर्षं खटकत होती: बाकी सगळे ईनॉककडे बघत, ती चित्राच्या उजव्या कडेकडे बघायची. तिथं तर नुसता पुठ्ठा होता.

सासू-सासरे गेल्यावर घर, शेकोटी आणि मोटार, तिन्ही माझ्या मेहुण्याकडे आली. क्लिफर्ड एंटविसल. गावच्या मुख्य रस्त्यावर त्याचं बाथरूमच्या सामानाचं मोठं दुकान आहे. काचेमागं फिक्या हिरव्या, गुलाबी, चॉकलेटी रंगांचे कमोड असे मांडलेले असतात, की हे मिठाईचं दुकान आहे असं वाटून लहान मुलं आत ओढ घेतात. क्लिफर्ड त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा होता. जुन्या नगरभवनाच्या आवारात ‘मोटार दिन’ भरणार होता आणि त्या दिवशी भिंतीवर एक भलामोठा छापील फळा लागणार होता: गावातली पहिली मोटार, पहिला मोटारवाला, आणि खाली, वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत, ‘एंटविसल कुटुंबाच्या सौजन्यानं’.

“लेन,” क्लिफर्ड मला म्हणाला, “तू शिकलेला माणूस. मोटार कुठल्या कंपनीची तेवढं शोधून काढ. फळ्यावर नाव पाहिजे. फ्रेंच असेल तर उत्तम.”

“आणि नसेल तर?”

“जर्मन नसली म्हणजे झालं.”

मी शाळेत भूगोल शिकवतो. मोटारींतलं मला जेवढं कळतं तेवढं बहुतेक भूगोलाच्या मास्तरांना कळतं, पण आमच्या भागातल्या ‘पितळी दिवा मोटार मंडळा’चा मी सभासद होतो, एका जुन्या गाडीचा तिसरा हिस्सा माझ्या नावावर आहे, जो चालत नाही. बाकीचे दोनही चालत नाहीत. मंडळाचे सर्वज्ञ होते मिस्टर ट्रेंथम. देशभरातून लोक त्यांना आजोबांचे फोटो पाठवत आणि ते नुसतं दिव्याची खुंटी बघून मोटारीचं वर्ष सांगत. माणसं ते बघतच नसत. बॉनेट बघत.

मंडळात एक उतरंड होती, कुठंही लिहिलेली नसलेली आणि म्हणूनच न मोडणारी. सगळ्यात वर पितळी दिव्यांच्या मोटारी. त्याखाली निकेलच्या दिव्यांच्या. त्याखाली बस, तिच्यात निदान माणसं बसतात. त्याखाली लॉऱ्या. लॉरीवाल्यांना आमच्या वार्षिक जेवणाला यायची परवानगी होती, पण लॉऱ्या लांब, पटांगणाच्या पलीकडे लावून.

ट्रेंथमच्या तबेल्यात सहा मोटारी होत्या आणि तिथं थंडीत शेगडी लावलेली असे. घरात नसे. मिसेस ट्रेंथम अंगावर कोट घालूनच दार उघडायला आल्या आणि “चहा टाकते हं” म्हणून आत गेल्या.

मी चौकट पुढं ठेवली आणि ट्रेंथमनी भिंग लावलं. “बॉनेट सुरेख आहे,” ते म्हणाले. मग भिंग खाली सरकलं आणि थांबलं. “चाक मात्र...”

“काय झालं चाकाला?”

“हवा नाही त्यात. भरीव रबर आहे. आणि आरे बघा, माझ्या मनगटाएवढे. मोटार माणसं न्यायला असते, मिस्टर हॅलम. हे चाक दगड न्यायला आहे.” त्यांनी चौकट उलटी केली. “पुठ्ठा काढू?”

“काढा की.”

कागद कापायच्या सुरीनं त्यांनी मागचे खिळे उचकटले, पुठ्ठा बाजूला केला, आणि ईनॉक एंटविसल प्रथमच अंड्यातून बाहेर आले. फोटोची उजवी कड सरळ नव्हती. कात्रीनं कापलेली होती, तीही थरथरत्या हातानं किंवा घाईत. आणि अंड्याच्या कडेपासून त्या कापापर्यंत बोटभर रुंदीची एक पट्टी होती, जी इतकी वर्षं पुठ्ठ्याखाली झाकलेली होती. ईनॉकच्या पाठीला लागून एक लोखंडी भिंत. रिबिटांची ओळ. आणि एक छोटंसं दार, कडी घातलेलं, खुराड्याला असतं तसं.

ट्रेंथमनी भिंग खाली ठेवलं. मग खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. एकेक.

“आमच्याही गावात होती अशी,” ते म्हणाले. “ती येताना दिसली की आया मला खिडकीतून आत ओढायची.”

“कसली गाडी आहे ही?”

“तुमच्या गावात तेव्हा गटारं नव्हती, मिस्टर हॅलम. परसात डब्याचे संडास होते. माणसं यायची, भरलेला डबा न्यायची, रिकामा ठेवून जायची. ही जी छोटी दारं आहेत, त्यांच्या आत डबे. आधी घोडे ओढायचे. मग काही प्रगत नगरपालिकांनी मोटारी घेतल्या.” ‘प्रगत’ हा शब्द त्यांनी एखाद्या रोगाचं नाव उच्चारावं तसा उच्चारला.

“म्हणजे ही मैल्याची गाडी?”

“हो.”

“पण गावातली पहिली मोटार हीच असू शकते?”

“असेलही. मला शंका वाटत नाही. पण आमचं मंडळ लॉऱ्या बघत नाही. आणि लॉऱ्यांतही...” त्यांनी वाक्य तसंच सोडलं. फोटो त्यांनी पाकिटात घातला आणि पाकीट कोपऱ्याला दोन बोटांत धरून माझ्या हातात दिलं. येऊ घातलेला चहा आला नाही.

परत येताना मी घरी न जाता टेकडी उतरलो. डोराआत्या त्या कडेकडे काय बघायची, ते मला विचारायचं होतं. जावई होऊन इतकी वर्षं झाली, पण तिच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणीच टाकलं नव्हतं. नाताळला क्लिफर्डची गाडी तिला न्यायला यायची ती दाराबाहेर थांबून भोंगा वाजवायची.

“लेनर्ड?” तिनं दार उघडलं. “कोण मेलं?”

“कुणी नाही, आत्या.”

“मग आत ये. पाय पूस.”

स्वयंपाकघर कोटाच्या खिशाएवढं. आणि तिथं, बशा धुवायच्या मोरीच्या वर, रोज हात धुताना समोर येईल अशा ठिकाणी, सगळी मोटार टांगलेली होती. पूर्ण. कुठं लपवलेली नाही, कुलपात नाही. ती बघायला फक्त आत यावं लागत होतं.

पुढं ईनॉक होते, तेच बॉनेट, तेच दिवे. त्यांच्या मागं लोखंडाची लांब पेटी, तिला छोट्या छोट्या दारांच्या ओळी. आणि गाडीच्या शेपटाशी चामडी एप्रन घातलेली चार माणसं, प्रत्येकाच्या हातात झाकणाचा डबा. शेवटचा माणूस हसत होता. ईनॉकचाच चेहरा, फक्त मिशांना मेण नाही. बाकीच्यांनी डबे पायाशी धरले होते. यानं आपला डबा दोन्ही हातांनी पुढं केला होता. भाजीपाल्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर आलेला भोपळा धरावा तसा.

“बाबा,” डोराआत्या म्हणाली. “कळलं का एकदाचं?”

“तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?”

“मला होतं. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही. नगरपालिकेनं नवी गाडी घेतली तेव्हा फोटो काढला. प्रत्येकाला एकेक प्रत दिली. आमची ही. काकांनी त्यांची कापली. काकूच्या शिवणाच्या कात्रीनं, जेवणाच्या टेबलावर. माझी आई तिथंच होती. ती म्हणाली, अहो भाऊजी, तुमचा सख्खा भाऊ आहे तो. तर म्हणाले, मागचा वास पुढं येतो.”

“पण गाडी तर ईनॉकच चालवत होते.”

“चालवत होते ना. डब्याला हात लावत नव्हते! चालवणारा आणि उचलणारा एक नव्हे, पोरा. फार अंतर असतं त्यात.” तिनं चहा ओतला. “पुढं काका एका गिरणीमालकाची मोटार चालवायला लागले, टेकडीवर राहायला गेले. बाबा रविवारी भेटायला जायचे तर परसदारानं. बाबांचा कप वेगळा होता. बाहेर खिडकीच्या कठड्यावर, उपडा. मी बाबांबरोबर जायचे. मला आतला कप मिळायचा. मी लहान होते ना, मला वाटायचं बाबांचा मान आहे, त्यांचा स्वतःचा कप आहे.”

मी कपाकडे बघत बसलो. माझ्या हातातल्या.

“आता फळा लागणार म्हणे,” ती म्हणाली.

“हो.”

“मला दुसरं काही नको. बाबा फळ्यावर आले पाहिजेत. पुढं नको, जिथं होते तिथंच. पण आले पाहिजेत. डब्यासकट. एवढं सांग क्लिफर्डला. नाही, मीच सांगते. तू नुसता बरोबर ये.”

रविवारी दुपारी क्लिफर्डकडे बैठक बसली: क्लिफर्ड, बेरिल, मी आणि दाराजवळ डोराआत्या. मी जे होतं ते सांगितलं. ट्रेंथमचा रुमालही सांगितला. आत्यानं पिशवीतून तिचा फोटो काढून टेबलावर ठेवला, डुकराच्या मांसाच्या ताटाशेजारी. क्लिफर्डनं ताट उचललं आणि लांब, खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

“माझ्या शेकोटीवर?” तो म्हणाला. “इतकी वर्षं? जिथं मी सपाता शेकतो?”

“शी!” बेरिल म्हणाली. “आणि मी लहानपणी पापी घ्यायचे त्यांची. रोज झोपताना. काचेवर!”

“काच मध्ये होती ना,” मी म्हणालो.

“तू गप्प बस, लेन.”

“काचेला काही वास येत नव्हता, बेरिल.”

“आता येतोय!” ती म्हणाली, आणि खरंच तिनं नाक धरलं. त्या फोटोचं वय तिच्याहून खूप जास्त होतं, आणि त्यातले डबे धुतलेले, कोरे, समारंभासाठी रंगवलेले होते. पण तिला वास येत होता. एंटविसलांचं नाक पिढीजात तीक्ष्ण आहे.

क्लिफर्ड खोलीत फेऱ्या मारत होता. मग थांबला. धंद्यात मुरलेल्या माणसाचा चेहरा अडचण आली की सैल पडतो, आणि मार्ग सुचला की पुन्हा चढवल्यासारखा होतो, तसा झाला. “थांबा. खोटं काय बोललो आपण? पहिली मोटार. बरोबर? चालवली आपल्या आजोबांनी. बरोबर? मग झालं तर. आपला फोटो लावायचा, आपल्याकडचा. पुढचा भाग. पुठ्ठ्यासकट.”

“आणि आमचे बाबा?” डोराआत्या म्हणाली.

“आत्या, जागा नाही गं.”

“फळा केवढा आहे?”

“दारापेक्षा मोठा.”

“मग?”

“जागेचा प्रश्न नाही तो, आत्या. अभिरुचीचा आहे. मी कमोड विकतो. कमोड विकताना गिऱ्हाइकाला तो कशासाठी असतो याची आठवण करून द्यायची नाही, हा धंद्याचा पहिला नियम आहे. लोकांना रंग दाखवायचा. झाकण हळू कसं पडतं ते दाखवायचं. आणि तू म्हणतेस, मतदानाच्या आदल्या आठवड्यात, मी भिंतीवर डबा लावू? भरलेला?”

“रिकामा आहे,” आत्या म्हणाली. “तुझ्या आजोबांच्या घरचा असता तर भरलेला असता.”

मग बेरिल “आणखी चहा कुणाला?” म्हणाली, जे आमच्याकडे भांडण संपलं असं जाहीर करण्याची रीत आहे. आत्यानं नको म्हणून कोट चढवला. फोटो उचलला. दाराशी मला म्हणाली, “फळा छापायला कोण नेणार?”

“मी.”

“अस्सं,” म्हणाली आणि गेली.

मी कप आत नेऊन दिले. बेरिल भांडी धुत होती. तिनं आमचे तीन कप पाण्यातून काढून पुसले. आत्याचा कप तिनं वेगळा घेतला, त्यात संडास साफ करायचं औषध ओतलं, वरून कढत पाणी ओतलं, आणि तो बाहेर, खिडकीच्या कठड्यावर वाळत घातला. उपडा. आपण काय करतोय हे तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा रेडिओवरचं गाणं गुणगुणत होती. मी तिथं उभा होतो, आणि त्या खोलीत ज्याची घाण वाटावी अशी एकच गोष्ट होती, ती फोटोत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी टेकडी उतरून आत्याचा फोटो घेतला आणि छापखान्यात दिला. फार विचार केला असं नाही. कपाचा विचार केला.

मोटार दिनाला ऊन पडलं. आवारात पितळी दिवे असे चमकत होते की डोळ्यांवर हात धरावा लागे. ट्रेंथम जुन्या मोटारवाल्यांचा जाड चष्मा चढवून आपल्या गाडीत बसले होते, इंजिन बंद, चेहरा ताशी वीस मैलांचा. मंचावर नगराध्यक्षबाई, क्लिफर्ड, बेरिल. भिंतीवर निळं कापड. डोराआत्या मागं, गर्दीच्या शेवटच्या रांगेत, टोपी घालून.

नगराध्यक्षबाईंनी दोरी ओढली. कापड पडलं.

ईनॉक माणसाएवढे होते. पण फोटो जितका मोठा करावा तितका त्यातला मागचा भाग मोठा होतो, हे मला छापखान्यातच कळलं होतं. दारांच्या ओळी. चार एप्रन. आणि भिंतीच्या टोकाला सेथ, हसत, गावाला डबा देऊ करत.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा आपल्या काठीनं दाखवत मोठ्यानं म्हणाला, “अरेच्चा, ही तर आपल्या संडासाची गाडी!” आणि सगळं आवार हसलं. बेरिलनं पर्स तोंडावर धरली. ट्रेंथमनी चष्मा काढून खिशात ठेवला, बहुधा गाडी दिसू नये म्हणून. क्लिफर्डचे कान बीटासारखे लाल झाले. त्यानं मला गर्दीत शोधलं. सापडलोही असतो.

पण तेवढ्यात त्यानं लोकांकडे पाहिलं. क्लिफर्डला गिऱ्हाईक कळतं. हसणारे तरुण होते. म्हातारे हसून झाल्यावर फळ्याजवळ सरकत होते. एक बाई डोळे टिपत दुसरीला म्हणत होती, “आमचे नाना पण डबेवालेच होते गं, सांगायचं नाही म्हणायची आई.” आणखी कुणी म्हणालं, “आमचेही.” क्लिफर्डचा चेहरा सैल पडला, आणि मग चढला. त्यानं हॅट काढली.

“मित्रांनो,” तो म्हणाला, आणि आवाज कापरा झाला; तो त्यानं कसा केला ते मला आजवर कळलेलं नाही. “हे माझे सेथ आजोबा. या गावानं जे टाकलं ते यांनी उचललं. माझ्या घरात यांच्या नावाची कधी लाज वाटली नाही. मी लहान असताना याच हातांनी मला मांडीवर घेतलं होतं...”

सेथ एंटविसल क्लिफर्डच्या जन्माआधी वारले होते.

“...आणि लोक मला विचारतात, क्लिफर्ड, तू याच धंद्यात का पडलास? त्यांना मी सांगतो, स्वच्छता आमच्या रक्तात आहे!”

टाळ्या. खऱ्या, जोरदार टाळ्या. बेरिलनं पर्स खाली घेतली आणि रडायला लागली, आणि तिला खरंच रडू येत होतं, हे त्यातलं वाईट. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनं क्लिफर्डला फळ्यापाशी उभं केलं. “हात जरा डब्यावर ठेवा ना साहेब.” क्लिफर्डनं ठेवला. छापील डब्यावर. हलकेच, लाडानं.

मी मागं पाहिलं. डोराआत्या टाळ्या वाजवत नव्हती. आमच्याकडच्या गिरणीतल्या बायका मागांच्या खडखडाटात आवाज न काढता ओठांनी बोलत, तोंड मोठं करून, एकेक अक्षर चावून. माझी आईही मागावर होती, म्हणून मला वाचता येतं. आत्या त्या अख्ख्या गर्दीवरून माझ्याशी बोलत होती.

“आता बाबा पण नेले त्यांनी.”

नंतर नगरभवनात चहा होता. उकडलेलं हॅम, लोणचं, आल्याचा चिवट केक. आत्या नेहमीच्या सवयीनं दाराजवळ बसली, तर क्लिफर्डनं सगळ्यांदेखत तिला हाताला धरून मुख्य टेबलाशी आणलं, नगराध्यक्षबाईंच्या शेजारी बसवलं. “सेथ आजोबांची मुलगी!” बेरिलनं तिच्यापुढं चहाचा कप ठेवला, नगरभवनातला सगळ्यात चांगला, सोनेरी कडेचा.

“आत्या,” क्लिफर्ड खाली वाकून म्हणाला, “तो मूळ फोटो आणलायस ना? मला दे. दुकानाच्या काचेत लावतो. मधोमध, त्या गुलाबी सेटच्या वर. खाली लिहायचं: एंटविसल, तीन पिढ्या तुमच्या सेवेत.”

“पुढच्या भागासकट?”

“अर्थात! पूर्ण. आता पूर्णच पाहिजे.”

“आणि काकांनी तुमच्याकडचा कापला होता, ते लिहिणार का खाली?”

“आत्या, ते आपलं घरातलं.”

डोराआत्यानं पिशवीतून फोटो काढला. चौकटीतून तो तिनं आधीच काढून आणला होता. का, ते मला तेव्हा कळलं नाही. उद्घाटनाची फीत कापलेली कात्री टेबलावर फुलांशेजारी पडली होती. तिनं ती उचलली.

“आत्या, काय करतेस?”

“अभिरुची,” ती म्हणाली.

आणि कापलं. घाई नाही, थरथर नाही. जन्मभर सुतात काम केलेल्या हाताची एकच सरळ चाल, ईनॉकच्या पाठीमागून खाली. पुढचा भाग तिनं क्लिफर्डपुढं ठेवला, हॅमच्या ताटाशेजारी. बॉनेट, दिवे, मिशा.

“घे. पहिली मोटार. लाव काचेत. हे मात्र तुझे कुणी नव्हेत.”

सेथ आणि ते तिघे जण तिनं पिशवीत ठेवले. नगराध्यक्षबाईंनी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, “चहा गार होतोय तुमचा” असं म्हटलं.

“घरी घेईन,” आत्या म्हणाली. “माझा कप आहे.”

क्लिफर्ड माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “जाऊ दे. छापखान्यात प्रत आहेच.” त्याचं बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात गुलाबी कमोडावर सेथ एंटविसल हसत उभे होते, पूर्ण मोटारीसकट, आणि त्या गुरुवारी क्लिफर्ड निवडून आला. डोराआत्याचा बसथांबा नेमका त्या काचेसमोर आहे. ती हल्ली एक थांबा आधी उतरते आणि चालत जाते.

मी अधूनमधून तिच्याकडे जातो. बेरिलला सांगून जातो. ती हो म्हणते आणि मी परत आल्यावर माझा कोट परसात टांगते. मोरीच्या वर आता छोटी चौकट आहे. तिच्यात पेटीचं शेपूट, चार माणसं, चार डबे. मोटार कुठली ते आता कुणालाच ओळखता येणार नाही; बॉनेटच नाही. पहिल्यांदा मी ती बघत उभा राहिलो तेव्हा आत्या हात पुसत माझ्या शेजारी येऊन थांबली, आणि तिनं बोट ठेवलं ते सेथवर नाही, कापावर ठेवलं.

“काकांपेक्षा सरळ आलंय की नाही?”